एकांकिकेचा साउंड रीपरवर: २३ क्यू आणि मार्करच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसऱ्याला नारळ फोडला, आज पहिलं वाचन झालं. एकांकिका स्पर्धेसाठीची, ४५ मिनिटांची, सगळी एका रात्रीत एका लहान एसटी स्टँडवर घडते, रिटायर व्हायला एक दिवस उरलेला कंडक्टर आणि एक मुलगी जी शेवटची गाडी चुकलीये. म्हणजे साउंडला कामच काम. वाचता वाचता पेन्सिलने खुणा केल्या तर २३ क्यू (म्हणजे ठरलेल्या क्षणी सोडायचे आवाज) निघाले: हॉर्न, अनाउन्समेंट, फोन, लांबून जाणारी रेल्वे, शटर पडल्याचा आवाज, टायटल म्युझिक, शेवटचं म्युझिक वगैरे. पाऊस वेगळाच, तो जवळजवळ अर्धा वेळ आहे.

गेल्या वर्षी काय झालेलं ते इथे एकदा लिहून ठेवतो म्हणजे परत कुणी विचारायला नको. एका फोल्डरमध्ये ३०-३५ फायली, प्लेअरमध्ये डबल क्लिक करून वाजवायच्या, आणि अंत्ययात्रेच्या शांततेत मी हंबरडा सोडायच्या ऐवजी कुत्रं सोडलं. दोन्ही फायली एकाखाली एक होत्या. प्रेक्षक हसले, परीक्षकसुद्धा हसले, आमची हिरॉईन स्टेजवर प्रेताशेजारी बसून हसू दाबत होती आणि खांदे हलत होते म्हणून लोकांना वाटलं रडतेय, तेवढंच वाचलं. दादा (दिग्दर्शक) आजही मला कुत्रेवाला म्हणतात.

यावर्षी ठरवलंय की फायली नाहीत, सगळं एका प्रोजेक्टमध्ये, एका टाइमलाइनवर, आणि प्रत्येक क्यूच्या तोंडाशी मार्कर. सॉफ्टवेअर रीपर, आवाज रेकॉर्ड करायचं आणि जुळवायचं, कारण तेच येतं. ६० दिवस पूर्ण चालतं, नंतर स्वतःच्या वापराचं लायसन ६० डॉलरला. मी गेल्या वर्षीच घेतलंय, आठवड्याचे चहा-वडापाव बंद करून.

१६ ऑक्टोबर

मांडणी झाली. तीन ट्रॅक: वातावरण, इफेक्ट, संगीत. प्रत्येक क्यूला दोन मिनिटांचं घर दिलं, म्हणजे क्यू १ बरोबर २:०० वर, क्यू २ ४:०० वर, क्यू ५ १०:०० वर, असं करत क्यू २३ ४६:०० वर. मधे भरपूर रिकामी जागा. नाटकाच्या वेळेशी याचा काही संबंध नाही, ही टाइमलाइन म्हणजे नुसती मांडणी आहे, फडताळात बरण्या ठेवतात तशी. गणित सोपं, क्यू नंबर दुप्पट केला की मिनिट.

लाइटवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला मार्कर म्हणजे काय नक्की. तर टाइमलाइनवर वर जी पट्टी असते तिथे रोवलेलं एक निशाण, ज्याला नाव आणि नंबर असतो, आणि तिथे एका बटणात उडी मारता येते. एवढंच. वाजत असताना किंवा थांबलेलं असताना एम दाबलं की तिथे मार्कर पडतो, शिफ्ट-एम दाबलं की पडतो आणि नावही विचारतो. चौकटी कंसाची दोन बटणं, उघडणारा कंस मागच्या मार्करवर नेतो आणि बंद करणारा पुढच्यावर. आकड्यांची बटणं १ ते ९ त्या त्या नंबरच्या मार्करवर, शून्य म्हणजे दहावा. नको असलेला मार्कर ऑल्ट धरून क्लिक केला की गेला. रीजन म्हणजे त्याचा मोठा भाऊ, त्याला सुरुवात आणि शेवट दोन्ही असतात, गाण्यांचे तुकडे वेगवेगळ्या फायलींत काढायचे असले की तो कामाचा, मला इथे नको. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच वेगळ्या नावाने असतं, एबलटनमध्ये लोकेटर म्हणतात, प्रो टूल्समध्ये मेमरी लोकेशन, ऑडॅसिटीत लेबल.

आधी फक्त २३ सुरुवातीचे मार्कर टाकले, म्हणून नंबर १ ते २३ सरळ आले. नावं देवनागरीत टाकली, नीट दिसतात.

एक गोष्ट लगेच कळली. फोनच्या फायलीत सुरुवातीला जवळजवळ पाव सेकंद नुसती शांतता होती. बटण दाबलं, काही नाही, मग ट्रिंग. घरी ऐकताना कळत नाही, तालमीत मुलगी फोनकडे आधी बघते आणि फोन मग वाजतो. सगळ्या फायलींची तोंडं छाटली. पण मार्कर अगदी आवाजाच्या पहिल्या टोकावर पण ठेवायचा नाही, केसभर आधी ठेवायचा, नाहीतर हॉर्नचा पहिला ठोसाच बोथट होतो.

२० ऑक्टोबर

आता प्रश्न थांबण्याचा. क्यू वाजला आणि मी वेळेत थांबवलं नाही तर प्लेहेड (वाजवत पुढे सरकणारी उभी रेघ) रिकाम्या जागेतून चालत चालत दोन मिनिटांनी पुढच्या क्यूवर पोचणार आणि रेल्वे कुणी न बोलावता येणार. प्रत्येक वेळी हाताने स्पेसबार मारायचा तर गेल्या वर्षीचाच मी.

यावर एसडब्ल्यूएस नावाचं फुकट एक्स्टेन्शन आहे, त्यात अॅक्शन मार्कर असतात. मार्करच्या नावात आधी उद्गारचिन्ह आणि लगेच कमांडचा नंबर लिहायचा, प्लेहेड तिथे पोचला की ती कमांड चालते. स्टॉपचा नंबर १०१६. (आकडे इंग्रजी आकड्यांत टाइप करायचे हां, मी पहिल्यांदा देवनागरी कीबोर्ड चालू असतानाच टाकलं आणि दहा मिनिटं डोकं खाजवत बसलो.) प्रत्येक क्यूच्या शेवटी असा एकेक थांबा टाकला, त्यांना नंबर मिळाले २४ ते ४६. हा थांबा अगदी काटेकोर वेळेवर लागत नाही, किंचित मागेपुढे होतं, त्यामुळे आवाज पूर्ण विरल्यावर एक सेकंद सोडून ठेवायचा.

पण मग चौकटी कंस दाबला की पुढच्या क्यूवर न जाता थांब्याच्या मार्करवर जातो, कारण तोही मार्करच की. दोनदा दाबायला लागतं, आणि स्टेजवर बोलणं चालू असताना मी दोनदा दाबलं का एकदा हे मला कसं आठवणार. बरं रीपरमध्ये थांबलं की कर्सर जिथून सुरू केलं तिथेच परत येऊन बसतो, म्हणजे क्यू ४ वाजून थांबला की कर्सर क्यू ४ च्याच तोंडाशी. तिथून पुढचा मार्कर म्हणजे ४ चा थांबा, त्याच्या पुढचा म्हणजे क्यू ५. म्हणून अॅक्शन लिस्टमध्ये एक कस्टम अॅक्शन बनवली: पुढचा मार्कर, पुढचा मार्कर, प्ले. आणि ती एंटरवर बसवली. आता एक एंटर म्हणजे पुढचा क्यू. बास.

पहिल्या क्यूला गोची झाली, कारण सुरुवातीपासून दोन उड्या मारल्या तर क्यू १ च्या थांब्यावर जातो आणि काहीच वाजत नाही. म्हणून १:०० वर एक रिकामा मार्कर टाकला, नाव ठेवलं तिसरी घंटा. नंबर ४७. आता शून्यावरून पहिली उडी घंटेवर, दुसरी क्यू १ वर. दादांना हे समजावून सांगितलं, ते म्हणाले वाजतंय ना, मग मला कशाला सांगतोस.

२४ ऑक्टोबर

पाऊस. प्लेहेड एकच असतो हा सगळ्या डोक्याला ताप. पाऊस चालू असताना फोन वाजला पाहिजे आणि फोन बंद झाला तरी पाऊस चालू राहिला पाहिजे, आणि काका (कंडक्टरचं काम करणारे) कधी पॉज चार सेकंदाचा घेतात कधी अकरा सेकंदाचा, त्यामुळे पाऊस क्यूंच्या खाली आधीच चिकटवून ठेवणं शक्य नाही.

रीपरमध्ये दुसऱ्या टॅबमध्ये दुसरा प्रोजेक्ट उघडून तो मागे वाजता ठेवता येतो. केलं, चाललं, छान वाटलं. मग तालमीत स्पेसबार मारला तर कुठला टॅब समोर आहे हेच लक्षात नव्हतं, पाऊस एकदम बंद आणि छत्री घेतलेली मुलगी कोरड्या रस्त्यावर. म्हणजे चालतं पण माझ्या हाताला जमत नाही. शेवटी जुना मोबाइल काढला, त्यात २० मिनिटांचा पाऊस, एअरप्लेन मोडवर, मिक्सरच्या वेगळ्या चॅनेलवर, आणि फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकती खुंटी) लाइटवाल्याच्या डाव्या हाताला. जुगाड आहे पण पावसाला मार्कर लागत नाही, त्याला लागतो फेडर.

२७ ऑक्टोबर

आजचा दिवस वाया गेला आणि चूक पूर्ण माझी.

टायटल म्युझिक हार्मोनियम-ढोलकीवर आहे, वाजवणाऱ्याने शंभरच्या टेम्पोला पाठवलं. त्यावर टाळ टाकायचे होते, मेट्रोनोम जुळावा म्हणून प्रोजेक्टचा टेम्पो १२० होता तो १०० केला. टाळ मस्त बसले. सेव्ह केलं, बंद केलं, संध्याकाळी तालमीला गेलो. क्यू १ चा एंटर मारला, शांतता. परत मारला, शांतता. पाच नंबरला फोन वाजायचा तर हॉर्न वाजला. काका हातात फोन घेऊन हॉर्नला हॅलो म्हणाले, आणि मग सगळेच सुटले.

घरी येऊन बघितलं. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमबेस नावाची गोष्ट असते, आयटम (आवाजाचे तुकडे), एन्व्हलप (आवाजाच्या चढउताराच्या रेघा) आणि मार्कर कशाला बांधलेत, वेळेला की बीटला. मुळात ते बीटवर असतं. माझ्या तिन्ही ट्रॅकचा स्वतःचा टाइमबेस मी आधीच वेळेवर करून ठेवलेला, म्हणून आवाज जागचे हलले नाहीत, पण मार्कर प्रोजेक्टचं ऐकतात आणि प्रोजेक्ट बीटवर. टेम्पो कमी झाला, प्रत्येक बीट लांबला, त्यामुळे सगळे मार्कर १.२ पट लांब गेले. क्यू १ चा मार्कर २:०० वरून २:२४ वर, तिथे काहीच नाही. आणि क्यू ५ चा १०:०० वरून बरोबर १२:०० वर, म्हणजे क्यू ६ च्या उंबऱ्यावर! दहावा गेला २४:०० वर म्हणजे बाराव्याच्या घरी, पंधरावा अठराव्याच्या. माझी ती सुबक दोन-दोन मिनिटांची मांडणी नसती तर नुसती शांतता झाली असती, मांडणी इतकी सुबक म्हणून चुकीचे आवाज इतके अचूक आले.

दुरुस्ती सोपी निघाली. टेम्पो परत १२० केला की सगळे मार्कर गुपचूप आपापल्या जागी आले, कारण मधे एकही नवीन टाकला नव्हता. मग प्रोजेक्टचा टाइमबेस वेळेवर केला, मग टेम्पो १००. आता हलत नाहीत. खात्रीसाठी प्रोजेक्टची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, रीपरची फाइल साधी टेक्स्ट असते, त्यात मार्करची एकेक ओळ आणि समोर जागा सेकंदांत लिहिलेली. पाचवा ६०० सेकंदावर. ते सहाशे बघून जेवायला बसलो.

५ नोव्हेंबर

रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आमच्या सांगलीतच पहिला प्रयोग केला, त्यामुळे आज गावात जिथे बघावं तिथे नटराजपूजन. आम्हीपण केलं, लॅपटॉपलाही हळदकुंकू लावलं, एंटरच्या बटणावर लावू देत नव्हतो पण काकांनी लावलंच. दिवाळीत सगळे गावाला गेलेले ते आज परत आले, अर्ध्यांचे संवाद फराळाबरोबर पोटात. साउंडचं काही काम नाही झालं.

१० नोव्हेंबर

इंटरनेटवरचे एसटीचे हॉर्न सगळे टाकून दिले. एकतर ते कुठल्या तरी परदेशी बसचे, नाहीतर मागे कुणीतरी बोलतंय. ठरवलं स्वतः रेकॉर्ड करू. पण निवडणुकीचा प्रचार ऐन भरात, दिवसा रेकॉर्डर चालू केला की दर तीन मिनिटांनी रिक्षा, ताई माई अक्का. रात्री दहानंतर भोंगे बंद करावे लागतात, म्हणून सव्वादहाला गावाबाहेरच्या एका लहान स्टँडवर जाऊन बसलो. एक ड्रायव्हर आले, म्हणाले, काय ओ, टीव्हीवाले काय? म्हटलं नाही, नाटक आहे, हॉर्न पाहिजे. तर त्यांनी गाडीत चढून तीन वेळा वाजवून दिला, एक लांब, दोन आखूड, आणि विचारलं की नाटकात ड्रायव्हर आहे का. नाहीये. कंडक्टरच आहे. ते जरा नाराज झाले.

दोन तास रेकॉर्ड केलं, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ, तासाला साधारण एक जीबी. आता दोन तासांत कामाचा आवाज मिळून चार मिनिटं, तो शोधायचा कसा. माझ्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड चालू असताना खूण करायची सोय आहे, ती वेव्ह फाइलच्या आतच लिहिली जाते. हॉर्न झाला की दाबली, इंजिन घरघरलं की दाबली, शटर पडलं की दाबली. रीपरमध्ये फाइल टाकल्यावर आयटमच्या अॅक्शनमध्ये त्या खुणा प्रोजेक्ट मार्कर म्हणून आणायची कमांड आहे, ती चालवली की १७ मार्कर टपाटप उभे राहिले. (हे वेगळ्या प्रोजेक्टमध्ये केलं, नाटकाच्या नाही. तेवढी अक्कल आता आलीये.) अर्थात प्रत्येक खूण आवाज होऊन गेल्यावर पडलेली, माणूस ऐकतो आणि मग दाबतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद मागे जाऊन ऐकायचं. दोन तासांची फाइल २५ मिनिटांत आटपली.

एक फाइल मित्राला दिलेली आवाज साफ करायला, त्याने कुठल्या तरी कन्व्हर्टरमधून काढून परत दिली, तर आवाज स्वच्छ आणि खुणा गायब. त्या खुणा फाइलमध्ये वेगळ्या कप्प्यात असतात, सगळी सॉफ्टवेअर तो कप्पा पुढे नेत नाहीत. मूळ फाइल कधीही पुसू नये हे आईचं लोणच्याबद्दलचं मत आहे, ते इथेही चालतं.

१४ नोव्हेंबर

दादांनी नववा क्यू कापला (रेडिओ). मी आयटम निवडून डिलीट केला आणि रिपल एडिटिंग चालू होतं, तेही फक्त त्या ट्रॅकपुरतं. म्हणजे इफेक्ट ट्रॅकवरचं नंतरचं सगळं २० सेकंद डावीकडे सरकलं आणि मार्कर जिथल्या तिथे. संगीत ट्रॅक ठीक. ऑल्ट-पीने हा मोड बदलत राहतो, बोट कधी लागलं कोण जाणे. सगळ्या ट्रॅकचा रिपल असता तर मार्करही बरोबर सरकले असते, पण मला ते पण नकोय, मला घरं जागेवर पाहिजेत. अनडू केलं, रिपल बंद, परत डिलीट.

मग क्यू ९ चा मार्कर ऑल्ट-क्लिकने उडवला आणि त्याचा थांबा उडवायला विसरलो. कागदावर बघितलं तर किती क्षुल्लक. पण माझा एंटर दोन-दोन उड्यांवर चालतो! एक मार्कर जास्त राहिला की पुढची सगळी साखळी एकाने चुकते: आठव्यावरून दोन उड्या, नवव्याच्या अनाथ थांब्यावर. तिथून दोन उड्या, दहाव्याच्या थांब्यावर. तिथून अकराव्याच्या थांब्यावर. नाटक संपेपर्यंत एकही आवाज नाही, आणि स्क्रीनवर सगळे मार्कर अगदी रांगेत, कुठे काही बिघडलंय असं वाटत नाही. आज एकट्याने चालवून बघितलं म्हणून कळलं. नियम: घर मोडायचं तर दार आणि कडी दोन्ही काढायचं.

१७ नोव्हेंबर

दादांना सहा आणि सातच्या मधे नवीन क्यू पाहिजे. काका म्हणतात, स्टँडवर आता कुणी नाही, आणि लांबून कुत्रं भुंकतं. दादा माझ्याकडे बघून म्हणाले, कुत्रं जमेल ना तुला. सगळे हसले. जमेल म्हटलं.

१३:०० वर टाकलं, दोन्ही घरांच्या मधोमध, थांब्यासकट. त्याला आणि थांब्याला नंबर मिळाले भलतेच, कारण रीपर जागा बघून नंबर देत नाही. साखळी जागेवरून चालते नंबरवरून नाही, त्यामुळे एंटरला काही फरक नाही. पण प्रॉम्प्टरच्या संहितेत सगळीकडे पेन्सिलने नंबर आहेत आणि ती मला हळूच नंबर सांगते, आता ती काय तो भलता नंबर सांगणार? सगळे मार्कर टाइमलाइनच्या क्रमाने परत नंबर करायची अॅक्शन आहे, ती चालवावी असं वाटलं, पण मग थांबेही मधे मधे नंबर घेणार आणि तिच्या संहितेतला एकही आकडा खरा राहणार नाही.

त्यापेक्षा नावं बदलली. आत्तापर्यंत नावं आवाजाची होती, हॉर्न १, हॉर्न २, फोन. आता प्रत्येक मार्करचं नाव म्हणजे संहितेतला क्यू आणि ज्या वाक्यावर तो येतो ते वाक्य. ‘६अ आता कुणी नाही’. ‘११ गाडी गेली का’. ‘१४ तुझं तिकीट’. नाव वाचलं की कुठला आवाज येणार हे मला माहीतच असतं, माहीत नसतं ते हे की स्टेजवर आत्ता कुठे आहोत. प्रॉम्प्टरने तिच्या बाजूलाही सहाच्या खाली ६अ लिहिलं.

२० नोव्हेंबर

मतदान. अर्धी मंडळी मत द्यायला गावाला, तालीम नाही. बोटाला शाई लावून आलो आणि यादी छापायला बसलो. रीजन-मार्कर मॅनेजरमधून सगळी यादी सीएसव्हीत काढता येते. एक्सेलमध्ये सरळ उघडली तर देवनागरीच्या जागी चित्रविचित्र अक्षरं, मग डेटा इम्पोर्टमधून यूटीएफ-८ निवडून आणली तर नीट आली. थांब्यांच्या ओळी गाळल्या, अक्षर मोठं केलं, दोन प्रती, एक प्रॉम्प्टरला एक लाइटवाल्याला. त्याने त्याचे लाइटचे क्यू शेजारी लिहिले. आता तिघांची भाषा एक झाली, आधी तो लाल सीन म्हणायचा आणि मी रेल्वे सीन, आणि सीन एकच.

२९ नोव्हेंबर

रंगीत तालीम, स्पर्धेच्या आधीची शेवटची. क्यू १६ चालू असतानाच क्यू १७ यायचा आहे, इंजिन घरघरतंय आणि मधेच मुलगी ओरडते तेव्हा सगळं कापून शांतता मग शटर. एंटर मारला तर इंजिन चालूच, मग थोड्या वेळाने शटर. दोन-तीनदा केलं, प्रत्येक वेळी उशीर वेगळा. कधी जवळजवळ लगेच, कधी दोन सेकंद. मला वाटलं लॅपटॉप म्हातारा झाला.

लॅपटॉप नाही, स्मूथ सीक. हा पर्याय चालू असला की वाजत असताना उडी मारायला सांगितलं तरी ते लगेच मारत नाही, चालू मेजर (तालाचा एक ठरलेल्या बीटांचा तुकडा) संपेपर्यंत थांबतं आणि मग जातं. गाणं रचताना मस्त गोष्ट आहे, ताल न तुटता अंतऱ्यावरून मुखड्यावर जाता येतं. इथे टेम्पो १०० आणि चार बीटचं मेजर म्हणजे २.४ सेकंद, कुठे दाबलं त्यावर शून्य ते २.४ सेकंद उशीर. टाळ टाकताना मीच चालू केला असणार. बंद केला.

मग कुलूप. शिफ्ट-एलने लॉकच्या सेटिंगमध्ये मार्कर आणि आयटम दोन्हीवर टिक, आणि एलने लॉक चालू. कारण परवा मार्करवर क्लिक करायला गेलो आणि तो माझ्या बोटाबरोबर केसभर सरकला, मला कळलंही नाही. नोटिफिकेशन बंद, वायफाय बंद, स्क्रीन झोपणं बंद, झाकण मिटलं तरी चालू राहील असं. प्रोजेक्टची कॉपी पेनड्राइव्हवर आणि लाइटवाल्याच्या लॅपटॉपवर.

मार्कर मॅनेजर उजवीकडे उघडा ठेवला, त्यात ओळ निवडली की कर्सर तिथे जातो असा पर्याय चालू केला. लागणार नाही म्हणा, पण असू दे.

१ डिसेंबर

प्रयोग झाला. आमचा नंबर चौथा होता. मधे फक्त १५ मिनिटं सेट लावायला, मिक्सरला वायर लावून एक हॉर्न वाजवून बघितला तर हॉल एवढा मोठा की घरी कानठळ्या बसवणारा हॉर्न इथे मुंगीएवढा. फेडर वर.

तिसरी घंटा, अंधार, एंटर. टायटल म्युझिक. पहिले दहा क्यू अगदी तालमीसारखे, ६अ चं कुत्रं पण आलं, विंगेतून दादांचा अंगठा दिसला. अकरावा झाला, ‘गाडी गेली का’. आणि त्याच्यानंतर काका एकदम ‘तुझं तिकीट’ म्हणाले. दीड पान गाळलं. बाराव्याची अनाउन्समेंट नाही, तेराव्याचा फोन नाही, थेट चौदा. मुलगी एक क्षण थिजली आणि मग शहाण्यासारखं पुढचं वाक्य घेतलं. चौदाव्याचा हॉर्न त्या वाक्यानंतर लगेच आहे, आणि माझा एंटर मारला असता तर अनाउन्समेंट वाजली असती. प्रॉम्प्टर काही सांगायच्या आत माझी नजर यादीत ‘१४ तुझं तिकीट’ वर गेली, कारण तेच वाक्य अजून कानात होतं. ओळीवर क्लिक, स्पेसबार, हॉर्न. अर्धा सेकंद उशीर झाला असेल. पुढचा एंटर आपोआप पंधरावर. नाव हॉर्न २ असतं तर मी आत्तापर्यंत शोधत बसलो असतो, तीन हॉर्न होते.

पाऊस लाइटवाल्याने एकदा जरा लवकर उतरवला, ते चालतं, पाऊस आहे.

फोनच न वाजल्यामुळे मुलीच्या बाबांचा अख्खा संदर्भच गेला, शेवटी ती बाबांना सांग म्हणते तेव्हा कुठले बाबा असं लोकांना वाटलं असणार. काका मेकअप न उतरवता तसेच आले, हात जोडून म्हणाले, चुकलो रे बाबा. म्हटलं काका, हॉर्न तर आला ना. वेळ भरली ४१ मिनिटं, त्यामुळे वेळेचे गुण तरी सुरक्षित.

२ डिसेंबर

पुढच्या फेरीत गेलो. दादांचा सकाळी साडेसातला फोन, आधी काकांना काय काय बोलले ते सांगितलं, मग म्हणाले सगळं ठीक होतं पण कुत्रं उशिरा येतं. ‘कुणी नाही’ संपायच्या आत पाहिजे, ‘नाही’ वरच.

लॉक काढून बघितलं. मार्कर १३:०० वर, आवाज त्याच्या केसभर पुढे, कुठे रिकामी जागा नाही. उशीर बोटाचा आहे, मी वाक्य पूर्ण ऐकून मग दाबतोय. मार्करचं नाव बदलून ‘६अ आता कु’ केलं. उद्या संध्याकाळी काकांबरोबर फक्त तेवढी एक ओळ, दहा वेळा.